भिमाबाईचा न

माझ्या आजीला, म्हणजे भिमाबाईला, 'ण' म्हणता येत नाही. खरं तर तिला तो कधी लागलाच नाही. पाणी, लोणी, दाणे, अंगण हे सगळं तिच्या तोंडून पानी, लोनी, दाने, आंगन होऊन बाहेर पडतं आणि चिखलीत आमच्या वस्तीत त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही, कारण ऐकणाऱ्याचंही तेच असतं. एकोणसत्तर वर्षं तिचं असं बिनबोभाट चाललं होतं. मग उत्तमराव गुरुजी निवृत्त होऊन गावी परतले.

उत्तमराव गुरुजी प्रत्येक शब्द आधी रुमालाने पुसतात आणि मग बाहेर ठेवतात. "न-म-स्कार. आ-पण क-शा आहात?" असं. माणूस वाईट नाही. फक्त त्यांच्यासमोर बोलताना आपण शर्टाची वरची गुंडी लावून उभे आहोत असं वाटतं.

आजी आमच्या विहारात बावीस वर्षं दर पौर्णिमेला वंदना घ्यायची. ती शाळेत कधी गेली नाही. बाजार समितीत आडत्यांकडे धान्य चाळायला जायची. सोयाबीन, हरभरा, तूर. चाळणीत दाणा आणि खडा वेगवेगळे वाजतात हे मला तिनेच शिकवलं. पन्नास हात लांबून पुष्पांजली मावशींना सांगायची, "पुष्पे, तुह्या चाळनीत खडा हाय व!" आणि असायचा. एका पावसाळ्यात विहारात एक भंतेजी राहायला आले होते, तेव्हा ती रोज संध्याकाळी जाऊन बसली आणि अख्खी पाली वंदना कानानेच उचलून घरी घेऊन आली. तेव्हापासून ती आमच्या घरचं घड्याळ झाली. सकाळी चहाला आधण ठेवलं की 'नमो तस्स' सुरू, पाचवं शील संपलं की गॅस बंद. चहा कधी उतू गेला नाही.

तर त्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर गुरुजी पुढे आले.

"भिमाबाई, राग मानू नका. आपण 'बुद्धं सरनं' म्हणता. ते 'सरणं' आहे. ण. बाणातला ण."

"हाव," आजी म्हणाली. "सरनं."

"ण."

"न."

"जीभ वर न्या. टाळूला लावा."

आजीने जीभ वर नेली. सोबत डोळेही वर गेले. "सर... डं."

मागच्या बायका फिस्सकन हसल्या. मीही हसले. नुसती हसले नाही, घरी आल्यावर आईला ते डोळ्यांसकट करून दाखवलं, आणि आजी दारात उभी होती.

गुरुजी म्हणाले होते, "काही हरकत नाही. उच्चार पक्के होईपर्यंत वंदना मी घेत जाईन." पुढच्या पौर्णिमेपासून आजी मागे, चपला काढतात तिथल्या भिंतीला टेकून बसू लागली. ओठ मिटलेले. घरी तर त्याहून वाईट. सकाळी आधण ठेवायचं आणि गप्प उभं राहायचं. चहा रोज उतू जायला लागला.

माझे बाबा, देवानंद, पंचायत समितीत लिपिक आहेत. मायला एकदा श्रीलंका दाखवू, असं ते दोन वर्षं म्हणत होते आणि आजी दोन वर्षं "मले कायले" म्हणत होती. एका सकाळी गॅसवरचा सांडलेला चहा पुसता पुसता तीच म्हणाली, "देवा, थे लंका कवा दाखवतं?"

"काऊन व माय? एकदम?"

"तथी वंदनेचे हे बोल सांभाळून ठेवले म्हनतेत ना? मंग त्याहीलेच इचारतो. माहा न चुकीचा निंघाला, तर मी पुन्हा तोंड उघडनार नाही. बरोबर निंघाला, तर पाह्यतो."

बाबांनी पासपोर्टचे फॉर्म आणले.

*

मुंबईहून विमानाने कोलंबो आणि तिथून रेल्वेने कँडी. डोंगरातलं शहर, मधोमध तळं. बाबांनी मोबाइलवरून खोली घेतली होती ती शहराच्या झगमगाटात नव्हती. चढावरच्या एका गल्लीत, शिवणकाम करणाऱ्याचं दुकान आणि पिठाची गिरणी यांच्या मधल्या दुमजली घरात होती. दारावर पाटी. इंग्रजीत 'हॉटेल', आणि वर त्यांच्या लिपीत काहीतरी, गोल गोल.

"ह्या अक्षराहीले कोपरेच नाहीत," आजी पाटीकडे बघत म्हणाली. "साऱ्या जिलब्या." मग ती आत जायलाच तयार होईना. "हाटेलात कोनी झोपते का? च्या प्याचा अन् उठाचं!"

चिखलीत हॉटेल म्हणजे बसस्टँडसमोरचा आलूबोंडा आणि चहा. झोपायचं ते लॉजवर. आईने समजावलं, "आत्याबाई, बाहेरगावी लॉजलेच हॉटेल म्हनतेत." आम्ही आत गेलो तर खाली चार टेबलं, गिरणीवाला आणि दोन रिक्षावाले भात खात बसलेले, आणि काचेच्या कपाटात तळलेले वडे. आजीने आईकडे असं पाहिलं की आईने पिशवी उचलून थेट जिना धरला. खोल्या वर होत्या, चार.

मालकीण साधारण साठीची, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, हाताला पीठ. तिने हात जोडले. "आयुबोवन."

"जय भीम," आजी म्हणाली.

"जय बीम," ती म्हणाली, एकदम मनापासून. नाव विचारलं तर म्हणाली, "कुसुमावती."

आजी खूश. "माय व! आपल्याकडच्याच वानी नाव!" तेवढ्यात बाबांनी चार माणसं, चार दिवस असं बोटांनी सांगितलं. कुसुमावतीने मान डावीकडे-उजवीकडे डोलवली, हो की नाही कळू नये अशी, आणि म्हणाली,

"हरि, हरि."

आजीचं हसू होतं तिथेच थांबलं.

चावी दिली, "हरि, हरि." बॅगा वर नेल्या, "हरि, हरि." गरम पाण्याचा नळ कुठला ते मी खुणेने विचारलं, तिने दाखवला, मी मान हलवली, "हरि!" पहिल्या संध्याकाळी मी सव्वीसपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. त्यातही प्रकार होते. घाईचं 'हरिहरि', लांबवलेलं 'हरीऽऽ', आणि फोनवर कुणाचं तरी ऐकताना थेंब थेंब गळणारं 'हरि... हरि... हरि'.

खोलीचं दार लावून आजी पलंगावर बसली. "देवा, हा बौद्धाईचाच देश हाय ना? का आपन एक टेशन आंधी उतरलो?"

"माय, तो त्याहीचा काही शब्द असन."

"शब्द? मले शब्द शिकवतं? आंगनात बुद्धाची मूर्ती, अन् तोंडात सदान्‌कदा हरि हरि! कीर्तनातला बुवाबी मधात दम घेते. हे बाई दमबी घेत नाही."

हे हसण्यावारी न्यायचं तर आजीची अडचण समजून घ्यायला हवी. तिच्या लहानपणी घरातले सगळे देव नदीत सोडले होते, तेव्हा टोपली तिच्या डोक्यावर होती. त्या दिवसापासून तिने हरी, विठ्ठल, खंडोबा कुणाचंही नाव घेतलेलं नाही. वारातला 'शनि' सुद्धा ती गाळते, 'शुक्रवारानंतरचा' म्हणते.

मी मोबाइलला विचारलं. आपल्या अक्षरांत 'हरि' टाकलं, अर्थ सांग म्हटलं. मोबाइलने क्षणात उत्तर दिलं: विष्णू.

"पाह्य," आजी म्हणाली. "यंत्रबी म्हनते."

रात्री जेवायला खाली बसलो. भात, मसुराची पातळ आमटी, खोबऱ्याची लाल चटणी. चटणीचा पहिला घास घेऊन आईने डोळे पुसले आणि ठेच्याची बरणी पिशवीत परत ठेवली. आजीला ठसका लागला. "पानी! बाई, पानी!"

"हरि, हरि!" कुसुमावती धावत आत गेली आणि वाटी घेऊन आली. आजीने ती तोंडाला लावली आणि तशीच थांबली. वाटीत काळपट, दाट, गोड पाक होता.

"हे काय व?"

"पॅनि," कुसुमावती म्हणाली आणि आणखी ओतायला पुढे झाली. त्यांच्याकडे पाकाला पॅनि म्हणतात हे आम्हाला तिथे कळलं. आजीने ठसका, पाक आणि राग तिन्ही एकदम गिळले. मग ओठ चाटून म्हणाली, "गोड लय हाय पन." जाताना तिने वाटी बोटाने पुसून घेतली, हे मी पाहिलं.

*

दुसऱ्या दिवशी मोठ्या विहारात गेलो, दंतधातूच्या, बुद्धाचा दात जपून ठेवलेल्या. आजीने पांढरं लुगडं नेसायचं ठरवलं होतं, पण ते पौर्णिमेला म्हणून राखून ठेवलं. आत ढोल वाजत होते, माणसांची रांग हातातल्या कमळांसकट हळूहळू सरकत होती, आणि आजी एकच काम मनात धरून चालली होती. एक तरुण भंतेजी कठड्याशी उभे दिसले. आजी वाकली, वंदन केलं, तोंड उघडलं, "भंतेजी, सरनं का सर..." आणि मागून शाळेच्या सहलीची शंभर पोरं आली. आजी, तिचा प्रश्न आणि माझी ओढणी असं सगळं पुढच्या दालनात जाऊन पडलं.

बाहेर पडल्यावर जवळच एक देऊळ दिसलं. पाटीवर इंग्रजीत होतं, मी वाचलं आणि वाचायला नको होतं.

"काय लिव्हलं व, समे?"

"विष्णूचं देऊळ."

आजीने बाबांकडे पाहून फक्त मान हलवली. परतताना ती बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली होती. अखेर म्हणाली, "ह्याहीचंच असं असन, तर मी इचारू कोनाले?"

मग मला कळलं की ती रागावलेली नाही, घाबरलेली आहे. चार दिवसांतले दोन संपले होते. ण आणि न यातलं काय खरं, हे सांगणारं माणूसच उरलं नाही, तर घरी जाऊन पुन्हा चपलांपाशी बसायचं होतं.

*

तिसऱ्या दिवशी पौर्णिमा. तिथे त्या दिवशी सगळीकडे सुट्टी असते. सकाळी खालची टेबलं रिकामी, चूल थंड. मी गॅलरीतून वाकून पाहिलं तर कुसुमावती अंगणात, पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या कपड्यांत, चाफ्याच्या झाडाखालच्या काचेच्या देव्हाऱ्यासारख्या पेटीसमोर फुलं मांडत होती. पेटीत बुद्धाची लहान मूर्ती. मी आजीला हाक मारायला वळले, तर आजी माझ्यामागेच उभी. लुगडं नेसून तयार.

"चाल. पाह्यू तरी काय म्हनते ते."

आम्ही खाली गेलो. कुसुमावतीने आजीचं पांढरं लुगडं पाहिलं, मग स्वतःच्या कपड्यांकडे पाहिलं, आणि एकदम सरकून तिने चटईवर जागा केली. आपल्यापुढे. मग दोन्ही हात आजीकडे करून खूण केली: तुम्ही म्हणा.

आजीने पाच महिने वंदनेला तोंड उघडलं नव्हतं. मला वाटलं, ती नाही म्हणेल. तिने घसा खाकरला. आधी आवाज आलाच नाही, नुसती हवा आली. मग आला. "नमो तस्स..."

आणि मागून, तेच शब्द, त्याच चालीत, दुसऱ्या गळ्यातून आले. आजीची पाठ ताठ झाली. जिन्यावर बाबा आणि आई येऊन उभे राहिले. आजी म्हणाली, "बुद्धं सरनं गच्छामि." कुसुमावती म्हणाली, "बुद्दङ् सरनङ् गच्चामि."

मी कान टवकारले. धम्मं. पुन्हा तेच. संघं. पुन्हा तेच! ध चा द होता, छ चा च होता, शेवटी कुठून तरी घंटेसारखा ङ् लागत होता, पण मधला तो? तो न होता. चक्क, चिखलीचा, बाजार समितीतला न. टाळूबिळू काही नाही.

आजीने पहिलं शील घेतलं. "पानातिपाता वेरमनी..." पुरं म्हटलं. श्वास घ्यायला थांबली. कुसुमावतीचे डोळे मिटलेले होते. तिने तीच मान डोलवली आणि अगदी हळू, मायेने म्हणाली,

"हरि. हरि."

आजी उठली. जिना चढून गेली. खोलीचं दार वाजलं.

कुसुमावती माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं. ती आत गेली आणि पाच मिनिटांनी दुधात शिजवलेल्या भाताच्या वड्यांची थाळी आणि आपली मुलगी असं दोन्ही घेऊन आली. मुलगी नदीशा, बँकेत कामाला, सुट्टीमुळे घरी होती आणि तिला इंग्रजी येत होतं. आई विचारते आहे, तिने सांगितलं, की आजींना काय लागलं? माझं काय चुकलं?

मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "आजीला विचारायचं आहे की हा हरी कोण."

"कोण हरी?"

"तुमची आई ज्याचं नाव घेते तो." आणि मी करून दाखवलं. मान डावीकडे, मान उजवीकडे, ओठ जरा पुढे, "हरि, हरि." मग फोनवरचं. मग चावी देतानाचं.

नदीशा खांबाला धरून हसायला लागली. कुसुमावतीने पदरासारखं काही नसल्यामुळे दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग डोळे पुसत नदीशा म्हणाली, "हरि म्हणजे कुणी नाही. हरि म्हणजे बरोबर."

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. आजी बॅगेत कपडे भरत होती. घड्या न घालता.

"आजी, हरि म्हंजे बरोबर."

"काय बरोबर?"

"हरि. त्याहीच्या भाषेत. देवबिव नाही. नुसतं बरोबर. चावी घेतली का, बरोबर. नळ हाच का, बरोबर."

आजी हातात बाबांचा टॉवेल धरून उभी राहिली. हिशेब जुळायला जरा वेळ लागला. मग एकदम हळू आवाजात, "अन् आता खाली? मी म्हनलं तवा?"

"बरोबर. दोनदा म्हनली. बरोबर, बरोबर."

ती पलंगावर बसली. "समे, खरं सांग. थे बाई न म्हनते ना? मले आयकू आला. पन मीच माह्या मनानं आयकला असन तर?"

"न म्हनते."

"पक्का? तुह्या कानाची शपथ?"

"पक्का न. खडा नाही, दाना."

आजीने टॉवेल बाजूला ठेवला, नाक पुसलं, लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या. "अन् तो ङ् कोठून आनला व तिनं?"

"तो तिचा हाय."

"असू दे. चांगला वाजते."

ती खाली गेली. चटईवर बसली, कुसुमावतीचा हात एकदा दाबला आणि जिथून उठली होती तिथूनच, दुसऱ्या शीलापासून, सुरू केलं. या वेळी जिन्यावरून आई-बाबाही म्हणत होते. मी मोबाइलवर सगळं भरून घेतलं. पाचवं शील संपलं तसं आतल्या गॅसवर नदीशाचा चहा उकळून वर आला, आणि आजी डोळे न उघडताच म्हणाली, "गॅस बंद कर व पोरी." नदीशाला ते कसं कळलं कोण जाणे. तिने बंद केला.

*

पुढच्या पौर्णिमेला विहार भरलं होतं. आजी लंकेहून आली म्हणून भिंतीपाशी बसायला तिला कुणी दिलंच नाही. बायकांनी तिला दुसऱ्या रांगेत ओढलं. गुरुजी पुढे होते. त्यांनी वही काढली, पेन उघडलं.

"भिमाबाई, श्रीलंकेत काय आढळलं? ण, की न?"

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी मोबाइलवर बोट ठेवून तयार होते. आजीने माझ्याकडे पाहून मान हलवली. नको.

"गुरुजी, आंधी तुमी म्हना बरं."

गुरुजींनी रुमाल फिरवल्यासारखं घसा साफ केला. "बुद्धं सरणं गच्छामि." कडक इस्त्रीचा ण.

आजीने डोळे मिटून ऐकलं, चाळणी हलताना ऐकायची तसं. मग मान डावीकडे झुकवली, उजवीकडे झुकवली, आणि भर विहारात, बाबासाहेबांच्या फोटोसमोर, मोठ्याने म्हणाली,

"हरि, हरि."

पुष्पांजली मावशींच्या हातातली मेणबत्ती खाली पडली. गुरुजींचं पेन वहीवर तसंच टेकलेलं, शाईचा ठिपका मोठा होत चाललेला. आणि मग चाळीस वर्षं पुसून ठेवलेलं सगळं त्यांच्या तोंडून एकदम निसटलं.

"भिमाबाई! हे काय म्हनून राह्यल्या तुमी?"

विहारातल्या एकूण एक बाईने तो न ऐकला. गुरुजींनीही ऐकला, त्यांचा हात आपोआप तोंडाकडे गेला. आधी मागून कुणीतरी खुसखुसलं, मग सगळंच विहार हसलं, आणि खरं सांगते, सगळ्यात शेवटी गुरुजीही हसले.

"हाय ना तुमच्यापाशीबी," आजी म्हणाली. ती उठून पुढे आली. "सरका जरासे."

गुरुजी सरकले. चटईवर आजी बसली, शेजारी गुरुजी. त्यांनी वही मांडीवर घेतली आणि हळूच विचारलं, "पण भिमाबाई, ते हरि म्हणजे नेमकं काय?"

"आंधी वंदना," आजी म्हणाली. "मंग अर्थ."